ट्रेलरच्या बॅटरीसाठी स्वस्तातला व्होल्टमीटर : कुठला घ्यावा, कसा जोडावा, कधी वाचावा

तोंडवळीच्या सुरूच्या बनात गाडीमागे ओढायचा, राहण्याचा ट्रेलर लावून आमचा तिसरा दिवस होता. दिवेलागणीला दाराशेजारच्या मीटरवर लाल अक्षरात १२.२ दिसत होतं. नेटवरून उतरवून घेतलेल्या तक्त्याप्रमाणे १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी. निम्म्या बॅटरीत रात्र सहज निघेल, म्हणून फ्रिज चालू ठेवून झोपलो. पहाटे जाग आली ती फ्रिजच्या शांततेने. आदल्या संध्याकाळी मालवणला लिलावात घेतलेली सुरमई उन्हं वर यायच्या आत गावातल्या मांजरांच्या पोटात गेली.

जवळच्या वाडीतले एक वायरमन काका बघायला आले. त्यांनी बॅटरीच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावला, मग माझ्या मीटरकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, ह्या मीटराचा काय ऐकतंस? ह्यो दोन पॉइंट चढवून सांगता."

दोन पॉइंट म्हणजे ०.२ व्होल्ट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण माझी सुरमई तेवढ्यातच गेली. कारण बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरल्यापासून पूर्ण उतरेपर्यंत जेमतेम पाऊण व्होल्टात सगळा संसार करते. भरलेली कारची बॅटरी विश्रांतीत, म्हणजे ना चार्जिंग ना लोड अशा वेळी, १२.६ ते १२.७ दाखवते, निम्मी झाली की १२.२, आणि ११.९ला तिच्यात दम उरलेला नसतो. म्हणजे एक दशांश व्होल्टची चूक ही बॅटरीच्या साधारण आठव्या हिश्श्याची चूक. मीटर महाग असण्याची गरज नाही, पण या पाऊण व्होल्टाच्या पट्टीत तो खरं बोलला पाहिजे. खाली जे लिहिलंय ते एवढ्यासाठीच.

आधी बॅटरी कुठली ते बघा

मीटर घ्यायला निघण्याआधी बॅटरीवरचं लेबल वाचा. कोकणात हौसेने बनवलेल्या ट्रेलरांत मला तीन प्रकार दिसलेत : गाडीची साधी बॅटरी, घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी, आणि अलीकडे लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट.

यातल्या ट्यूब्युलरवर जरा थांबायला हवं, कारण माझी फसगत तिथेच झाली. नेटवरचे बहुतेक तक्ते १२.७ म्हणजे शंभर टक्के असं सांगतात. ते गाडीच्या बॅटरीला लागू पडतं, कारण तिच्यातलं ॲसिड जास्त तीव्र असतं. आपल्याकडच्या बऱ्याच ट्यूब्युलर बॅटऱ्यांत पूर्ण भरल्यावर ॲसिडची घनता (पाण्याच्या तुलनेत) २७ अंशांना १.२४० च्या आसपास असते. वायरमन लोकांचा एक जुना ठोकताळा आहे : घनतेत ०.८४ मिळवा, सेलचा व्होल्टेज मिळतो. बॅटरीत असे सहा सेल, म्हणून त्याला सहाने गुणा, बॅटरीचा मिळतो. १.२४० अधिक ०.८४ म्हणजे २.०८, गुणिले सहा म्हणजे १२.४८. म्हणजे ट्यूब्युलर बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी विश्रांतीत साडेबाराच्या आसपासच दाखवणार. हेच गणित गाडीच्या १.२७० च्या ॲसिडला लावलं की १२.६६ येतं.

आता माझी गंमत बघा. माझी बॅटरी ट्यूब्युलर, भरल्यावर खरी १२.५. माझा मीटर ०.२ ने चढा. म्हणून सकाळी भरलेल्या बॅटरीवर तो १२.७ दाखवायचा, आणि मी तक्त्याशी ताडून बघून खूश व्हायचो की वा, शंभर टक्के! दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. संध्याकाळी त्यानेच १२.२ दाखवलं तेव्हा बॅटरी खरी १२.० वर होती, म्हणजे तळाशी.

लिथियमवाल्यांना मात्र आधीच सांगतो, साध्या व्होल्टमीटरवर भिस्त ठेवू नका. ही बॅटरी मधल्या मोठ्या पट्ट्यात १३.३ ते १३.० यांच्या मध्येच रेंगाळते आणि शेवटी एकदम कोसळते. तिला शंटवाला मीटर लागतो, जो आत गेलेले आणि बाहेर पडलेले ॲम्पिअर-तास मोजतो. तो काही फार महाग नसतो, पण तो वेगळा विषय.

दुकानात काय काय मिळतं

काटेवाला मीटर बघायला देखणा असतो, होडीवर शोभेल असा. पण शून्य ते तीस व्होल्टच्या पट्टीवर बारा आणि साडेबारा यांच्यातलं अंतर काट्याच्या जाडीएवढं. शोभेला लावा हवं तर.

हिरव्या-पिवळ्या-लाल कांड्या दाखवणारे 'बॅटरी लेव्हल' मीटर घेऊ नका. कुठली कांडी किती व्होल्टला विझते ते बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं, आणि बहुधा त्याच्या डोळ्यांसमोर तुमची बॅटरी नसते.

सिगारेट लायटरच्या सॉकेटात खोचायचे मीटर जोडायला सोपे. पण ते सॉकेटपाशी पोचलेला व्होल्टेज मोजतात, बॅटरीचा नाही. त्याच वायरवर पंखा किंवा चार्जर चालू असेल तर आकडा खाली दिसतो. वर ते सॉकेट खाऱ्या हवेत वर्षभरात काळवंडतं आणि स्पर्श ढिला होतो.

मग येतात ते लाल आकड्यांचे पॅनेल मीटर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन शंभर-दीडशे रुपयांत मिळतात. इथे एकच गोष्ट मोजा : आकडे किती आहेत. तीन आकडी मीटर दहा व्होल्टच्या वर गेला की दशांशानंतर एकच आकडा दाखवतो. १२.४ म्हणजे १२.३५ असेल नाहीतर १२.४४, सांगता येत नाही. त्यात अशा मीटरांची चूक एक टक्का धरली तरी बारा व्होल्टला ती सव्वा दशांश होते. एक टक्का ऐकून आपण बेफिकीर होतो, पण आपल्याला वापरायला मिळणारी पट्टीच मुळात पाऊण व्होल्टची. दोन्ही धरून आकडा पाव बॅटरीने इकडेतिकडे जाऊ शकतो.

म्हणून चार आकडी मीटर मागा, जो १२.४३ असं दाखवेल. किंमत दोनशे ते चारशेच्या दरम्यान. दुकानदार 'तोच आहे, काही फरक नाही' म्हणाला तर त्याच्याच समोर एखाद्या बॅटरीला लावून दाखवायला सांगा. मागच्या बाजूला स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा बारीकसा प्रीसेट आहे ना, हेही उलटून पाहा. तो नसेल तर मीटर चुकला तरी सुधारता येणार नाही.

दोन वायरचा की तीन वायरचा, यावर लोक उगाच डोकं खाजवतात. दोन वायरचा मीटर ज्या वायरीतून मोजतो तिच्यातूनच स्वतःचं जेवण घेतो. तीन वायरच्याला मोजायची वायर वेगळी असते. मीटर खातो दहा-वीस मिलिॲम्पिअर, तेवढ्याने वायरीत होणारा फरक काही मिलिव्होल्टचा. वायर फक्त मीटरसाठी ओढलेली असेल तर दोन वायरचाही चालतो. तीन वायरचा घ्यावा तो एकाच मीटरवर दोन बॅटऱ्या बघायच्या असतील तर.

आणि ज्यांना यातलं काहीच जोडायचं नाही त्यांच्यासाठी माझं प्रामाणिक मत : पिवळा, गोल चाकाचा डीटी-८३० जातीचा मल्टिमीटर घ्या, दोनशे-अडीचशे रुपयांचा. चाक डीसी २० व्होल्टवर ठेवलं की तो दशांशानंतर दोन आकडे दाखवतो. रोज सकाळी बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडून दोन सळया टेकवा, झालं. एकच पथ्य : त्याच्या आतली नऊ व्होल्टची बॅटरी उतरली की हे मीटर चढे आकडे दाखवायला लागतात. दरवर्षी ती बदला, आणि पावसाळ्यात काढून ठेवा, नाहीतर आत पाझरून पट्ट्या खाते.

जोडणी

लागणारं सामान थोडं आहे : मीटर, ०.७५ चौरस मिलिमीटरची लाल-काळी वायर, एक ॲम्पिअरचा फ्यूज त्याच्या होल्डरसह, दाबून धरायचं बटण, वायरीच्या टोकांना बसवायचे दोन लग, आणि आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीट-श्रिंक नळी. वायर कल्हई केलेल्या तांब्याची मिळाली तर दहा-वीस रुपये जास्त देऊन तीच घ्या. मासेमारीच्या होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारून बघा. आपल्या हवेत साधं तांबं टोकाकडून हिरवं पडत पडत इन्सुलेशनच्या आत वीतभर शिरतं; बाहेरून वायर नवी दिसते आणि आत भुकटी.

पहिली पायरी : लाल वायर थेट बॅटरीच्या धन टर्मिनलवरून काढा आणि टर्मिनलपासून वीतभराच्या आत फ्यूज बसवा. मीटर किती क्षुल्लक करंट खातो याचा इथे संबंध नाही. ती वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर बॅटरी शेकडो ॲम्पिअर ओतते, आणि प्लायवूडच्या ट्रेलरात त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. फ्यूज मीटरजवळ लावणारेही पाहिलेत. मग मधली सगळी वायर राखणीशिवायच राहते.

दुसरी : काळी वायर बॅटरीच्या ऋण टर्मिनलवरच न्या. जवळच्या चासीच्या बोल्टला अडकवायचा मोह होतो. तो बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतो आणि मीटर मनाला येईल ते दाखवायला लागतो.

तिसरी, आणि सगळ्यात जास्त लोक चुकतात ती : मीटरची वायर दुसऱ्या कुणाच्या वायरीत घुसवू नका. गणित करून बघा. फ्रिज बॅटरीपासून पाच मीटरवर आहे, वायर दीड चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन दहा मीटर, रोध साधारण ०.१२ ओहम. फ्रिजचा कॉम्प्रेसर पाच ॲम्पिअर ओढतो तेव्हा या वायरीतच ०.६ व्होल्ट खर्ची पडतात. मीटर फ्रिजच्या टोकाला लावलात तर भरलेली बॅटरीही मेलेली दिसेल आणि कॉम्प्रेसर थांबला की पुन्हा जिवंत होईल. एका ओळखीच्यांनी याच कारणावरून चांगली बॅटरी बदलली. (फ्रिजला जाड वायर हवी होती, तीही त्यांनी बदलली नाही.)

चौथी : लाल वायरीत बटण घाला. वीस मिलिॲम्पिअर सतत म्हणजे दिवसाला अर्धा ॲम्पिअर-तास, महिन्याला चौदा-पंधरा. ट्रेलर अंगणात उभा असताना मीटरच बॅटरी पिऊन टाकतो. शिवाय रात्री तो लाल उजेड डोळ्यांवर येतो. दाबलं की दिसावं, सोडलं की विझावं.

गाडीची बॅटरीही त्याच मीटरवर बघायची असेल तर तीन वायरचा मीटर घ्या. त्याची मोजायची वायर मधल्या स्थितीत बंद राहणाऱ्या दुहेरी स्विचला जोडा. एका बाजूला ट्रेलरची बॅटरी, दुसऱ्या बाजूला गाडीची, प्रत्येकीच्या टर्मिनलपाशी स्वतंत्र फ्यूज. दोन्हींची ऋण बाजू हुकाजवळच्या प्लगमधून एकत्र आलेली असावी लागते. कुठल्या वायरीचा रंग कशासाठी हे मीटरगणिक बदलतं, म्हणून सोबतचा कागद बघूनच जोडा. लाल-काळ्याची अदलाबदल झाली की यातले पुष्कळ मीटर तिथल्या तिथे जातात.

मीटर बसवायची जागा दारापासून लांब, आतल्या कपाटाच्या कडेला. दाराशी खारा वारा थेट लागतो. माझ्या पहिल्या मीटरचा मधला आकडा अशाने अर्धाच पेटायचा, ८ आणि ६ ओळखू यायचे नाहीत.

मीटरला खरं बोलायला शिकवणं

नवा मीटर आणला की तो खरा आहे असं धरून चालू नका. मुख्य काम इथेच आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

भरवशाचा मल्टिमीटर मिळवा. टीव्ही-मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे बहुधा एक बरा असतो. तंत्रनिकेतनात शिकणारं कुणी घरात असेल तर त्याला गळ घाला. बॅटरीवर ना चार्जिंग ना लोड अशा वेळी मल्टिमीटरच्या सळया थेट टर्मिनलच्या शिशाला टेकवा, वरच्या गंजक्या नटाला नको. दोन आकडे शेजारी शेजारी बघा. मग घड्याळजीच्या स्क्रू-ड्रायव्हरने मागचा प्रीसेट केसभर फिरवा. तो फार हळवा असतो. पाव फेऱ्यातसुद्धा आकडा कुठल्या कुठे जाऊ शकतो. बारा-साडेबाराच्या आसपास दोन्ही जुळले की थांबा. शून्याला किंवा वीसला जुळतो का याची आपल्याला फिकीर नाही, आपला बाजार साडेअकरा ते साडेचौदा एवढाच.

मल्टिमीटरबद्दलच शंका असेल तर दोन-तीन ठिकाणचे मीटर एकाच बॅटरीला लावा. दोघे एक सांगतात आणि तिसरा वेगळं, तर तिसऱ्याला बाजूला ठेवा.

जुळवून झाल्यावर प्रीसेटवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, म्हणजे घाटातल्या हादऱ्यांनी तो फिरणार नाही. मागच्या सर्किटवर, सोल्डरच्या टाक्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात फिरवला तर खारी दमट हवाही अडते. आमच्याकडे हे काम बायकोच्या गुलाबी बाटलीने झालंय. मीटरला काही वाटत नाही.

कधी वाचायचं

बॅटरी भरत असताना किंवा काम करत असताना दिसणारा आकडा तिची शिल्लक सांगत नाही. दुपारी सोलर पॅनेलवर ऊन असताना १३.८ किंवा १४.४ दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की चार्जर काम करतोय. दाभोळहून धोपाव्याला जाताना फेरीबोटीत गाडी चढवल्यावर इंजिन नुकतंच बंद केलेलं असतं, तेव्हा मीटर दाबला तर १२.९ दिसेल आणि मन हरखून जाईल. तो वरवरचा फुगवटा असतो. दहा-पंधरा मिनिटं दिवे लावून तो उतरवा, मग सगळं बंद करून बॅटरीला स्वस्थ बसू द्या. दोन-तीन तास मिळाले तर उत्तम.

उलट फ्रिज चालू असताना १२.१ दिसलं म्हणून घाबरू नका. बंद करून अर्ध्या तासाने बघा, आकडा वर सरकलेला असतो.

रोजच्या सवयीसाठी सगळ्यात चांगली वेळ पहाटेची, ऊन पॅनेलवर यायच्या आधीची. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्लं बघायला सूर्योदयाला किनाऱ्यावर जायचंच असतं. निघताना फ्रिज बंद करायचा आणि परत येऊन पॅनेल उघडायच्या आधी बटण दाबायचं. तो आकडा खरा. सुरूच्या बनात मुक्काम असेल तर त्याला जास्तच किंमत, कारण तिथे सावलीमुळे दिवसभरात पॅनेल नावालाच भरतं आणि आकडा रोज एकेक पायरी उतरत जातो. त्या उतरण्याचा वेगच तुम्हाला सांगतो की अजून किती रात्री काढता येतील.

स्वतःचा तक्ता

परक्या तक्त्यापेक्षा स्वतःचा बरा. घरी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, चार्जर काढा, रात्रभर राहू द्या. सकाळचा आकडा तुमचा शंभर टक्के. माझ्या ट्यूब्युलरला तो १२.५२ आला. पेटीवर मार्करने लिहून ठेवा. बुचं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची घनताही बघून घ्या; एखादाच सेल मागे असेल तर तो कुठला ते व्होल्टमीटरला कळणार नाही.

मग खालची रेघ. मी माझ्या शंभर टक्क्यांपासून ०.३५ खाली आलो की चार्जिंगची सोय बघतो, आणि ०.४५ खाली फ्रिज बंद करून बर्फाची पेटी काढतो. गाडीच्या बॅटरीवर हेच आकडे साधारण १२.३ आणि १२.२ होतात. याहून खाली नेली तर बॅटरी लगेच मरत नाही, पण उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि पुढच्या मोसमात ती भरल्यासारखी दिसते पण टिकत नाही. लेड-ॲसिडला रिकामं राहण्याचा आजार आहे.

वर्षभराने शंभर टक्क्यांचा आकडा पुन्हा काढा. त्याच बॅटरीचा आकडा ०.१ ने घसरला असेल आणि मीटर तपासून बरोबर असेल, तर पाणी, सेल आणि वय, या क्रमाने चौकशी करा.

पावसाळा

मे संपता संपता ट्रेलर शेडखाली जातो तो गणपतीनंतरच बाहेर. बॅटरी काढून घरात आणता आली तर उत्तम. नाही तर निदान ऋण वायर सोडवा, टर्मिनलला व्हॅसलिन फासा आणि फ्यूज काढून होल्डरच्या आतही बोट फिरवा. कोकणातल्या पावसात माझे दोन फ्यूज होल्डर आतून गंजून मीटर मुका झाला होता, आणि मी बिचाऱ्या मीटरला दोष देत होतो.

भरून ठेवलेली चांगली बॅटरी महिन्याला चार-पाच टक्के आपोआप सोडते, जुनी जास्त. लक्षात राहावं म्हणून मी तारीख लावत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेला उधाण असतं, खाडीचं पाणी आमच्या कुंपणाच्या दगडाला लागतं. ते दिसलं की शेडमध्ये जायचं, टर्मिनलला मल्टिमीटर टेकवायचा आणि पेटीवर मार्करने आकडा लिहायचा. १२.३५ झाला की एक रात्र चार्जर.